स्वयंभू शूराची दंतकथा

विल्यम मार्शलची गोष्ट गेली शंभरेक वर्षे एकाच चालीवर सांगितली जात आहे. बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये एका मध्यम प्रतीच्या सरदाराच्या घरी जन्मलेला हा धाकटा मुलगा. बापाच्या वतनात त्याला वाटा नाही, पदरी पैसा नाही. घोडा, भाला आणि अंगातील रग एवढ्या भांडवलावर तो फ्रान्सच्या भूमीवरील टूर्नामेंटे गाजवतो, एकामागून एक पाच राजांची चाकरी करतो, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर नऊ वर्षांच्या राजाच्या वतीने सारे राज्य चालवू लागतो. १२१९ साली तो मरतो तेव्हा त्याच्यासारखा दुसरा झाला नाही अशी ग्वाही शत्रुपक्षाचा राजाही देतो. झॉर्झ द्यूबी या थोर फ्रेंच इतिहासकाराने १९८४ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले, त्याच्या उपशीर्षकातच 'जगातील सर्वोत्तम नाइट' हे शब्द आहेत. एलिझाबेथ चॅडविक यांची २००५ ची कादंबरी आणि टॉमस अ‍ॅस्ब्रिज यांचे २०१४ चे चरित्र ही दोन्ही पुस्तके 'सर्वश्रेष्ठ नाइट' याच नावाने निघाली. कादंबरीकार आणि इतिहासकार यांचे मुखपृष्ठावर एकमत व्हावे, ही गोष्ट संशय घेण्याजोगी आहे.

या गोष्टीतील घटना बहुतांशी खऱ्या आहेत. माझा आक्षेप त्या ज्या सूत्रात ओवल्या जातात त्या सूत्रावर आहे. 'स्वकर्तृत्वावर वर आलेला पुरुष' हे ते सूत्र. ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचे आहे. बाराव्या शतकातील सरंजामदाराच्या अंगावर ते चढवले की त्याच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची घटना अनाकलनीय होऊन बसते. मार्शलला आईच्या माहेराने उभे केले, मामाच्या मृत्यूने राणीच्या दृष्टीस आणले, पत्नीच्या वारशाने श्रीमंत केले, थोरल्या भावाच्या मरणाने पदवी दिली, आणि मुलाने त्याचे चरित्र लिहवून घेतले. यातील एकही पायरी काढून टाकली तर शिखर उरत नाही. ज्या मजकुराच्या आधारे ही दंतकथा रचली गेली तो मजकूर नीट वाचला, तर तोच तिच्या विरुद्ध साक्ष देतो. प्रस्तुत लेखाचा सारा खटाटोप एवढ्यासाठीच आहे.

तेव्हा प्रथम त्या मजकुराविषयी. 'विल्यम मार्शलचा इतिहास' हे अँग्लो-नॉर्मन फ्रेंच भाषेतील, अष्टाक्षरी यमकबद्ध द्विपद्यांचे, १९,२१४ ओळींचे काव्य आहे. मार्शलच्या मृत्यूनंतर पाच-सात वर्षांत ते सिद्ध झाले. कवीचे नाव जॉन, याहून त्याच्याविषयी फारसे सांगता येत नाही. काव्याचा खर्च मार्शलचा थोरला मुलगा, म्हणजे धाकटा विल्यम, याने उचलला आणि आठवणी पुरवल्या त्या मुख्यतः जॉन ऑफ अर्ली या जुन्या, विश्वासू सेवकाने. हस्तलिखित एकच उरले. पॉल मेयेर या फ्रेंच भाषापंडिताला ते १८६१ साली लंडनच्या सॉदबीजच्या लिलावात ओझरते दिसले. ते टॉमस फिलिप्स या संग्राहकाने विकत घेतले आणि दृष्टिआड झाले. मेयेरने वीस वर्षे त्याचा माग काढला, १८८१ साली ते पुन्हा गाठले आणि १८९१ ते १९०१ या काळात तीन खंडांत छापले. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. इंग्रजी भाषांतरासह त्याची नवी आवृत्ती २००२ ते २००६ या काळात निघाली, त्यामुळे जुनी फ्रेंच न येणाऱ्यालाही आता ते मुळातून न वाचण्याची सबब उरलेली नाही.

मध्ययुगीन युरोपात राजा किंवा संत नसलेल्या माणसाचे लोकभाषेत लिहिलेले एवढे मोठे चरित्र दुर्मीळ, म्हणून अभ्यासकांना त्याचे अप्रूप वाटणे योग्यच. परंतु अप्रूप वाटले की माणूस प्रश्न विचारणे सोडून देतो. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली, हे मराठीच्या विद्यार्थ्याला बखर हाती देण्यापूर्वीच सांगितले जाते. मुलाने लिहवून घेतलेल्या बापाच्या चरित्रात काय येईल आणि काय येणार नाही याचा अंदाज घेऊनच तो पहिले पान उलटतो. तीच सावधगिरी या फ्रेंच काव्याच्या वाट्याला का येऊ नये? मृत माणसाच्या कीर्तीवर ज्यांचे वतन, मान आणि पुढील सोयरिकी अवलंबून आहेत, अशा कुटुंबासमोर वाचून दाखवण्यासाठी हे काव्य रचलेले आहे. शेवटी कवी मार्शलच्या वंशजांना, भावा-बहिणींना, ते ऐकून होणाऱ्या आनंदाचा उल्लेखही करतो. म्हणजे कुटुंब हा या काव्याचा विषय आहे, आश्रयदाता आहे आणि श्रोताही आहे. अशा काव्याचा नायक एकटा, निराधार आणि स्वयंभू ठरवणे ही वाचकांनी स्वतःहून केलेली करामत आहे.

दंतकथेचा आरंभ नेहमी एकाच प्रसंगाने होतो. साल ११५२. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्या पक्षांत यादवी चाललेली. विल्यमचा बाप जॉन मार्शल मटिल्डाच्या बाजूचा. न्यूबरीच्या गढीला स्टीफनचा वेढा पडतो तेव्हा तो तहाची मुदत मागतो, हमी म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम राजाच्या स्वाधीन करतो, आणि मुदतीत गढी सोडण्याऐवजी तिच्यात रसद भरतो. मुलाला फाशी देऊ म्हणून निरोप जातो. त्यावर बाप उत्तर धाडतो की, याहून सरस मुले घडवण्याचा हातोडा आणि ऐरण आपल्यापाशी शाबूत आहेत. स्टीफनच्याने मुलाला मारवत नाही. काव्यात तर राजा आणि ओलीस मूल गवताच्या काड्यांचे योद्धे करून लुटुपुटीची लढाई खेळताना दिसतात.

यावरून चरित्रकार निष्कर्ष काढतात तो असा की, ज्याला बापानेच टाकले त्याने पुढे स्वतःला घडवले. वास्तविक प्रसंग नेमका उलट सांगतो. ओलीस म्हणून मूल घेतात ते त्याला किंमत असते म्हणून, आणि ती किंमत नात्याची असते. जॉन मार्शलचे उत्तर क्रूर खरे, पण ते सौद्यातील उत्तर आहे. आपल्याला या नाण्याची पर्वा नाही असे भासवल्याखेरीज समोरचा ते नाणे मोडणार हे त्याला ठाऊक होते. शिवाय या उत्तरातील ऐरण कोण? सिबिल, सॉल्झबरीच्या पॅट्रिकची बहीण. जॉन आणि पॅट्रिक हे शेजारी आणि वैरी. त्यांचे वैर मिटले ते सोयरिकीने. पहिल्या पत्नीला, दोन मुलगे झाल्यानंतर, सोडून देऊन जॉनने सिबिलशी लग्न केले. विल्यम हा त्या तहाचे अपत्य होता. जन्मापूर्वीपासून राजकारणात गुंतलेल्या या मुलाला 'एकटा' म्हणायचे तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

आणखी एक गोष्ट चरित्रकार दोन निरनिराळ्या प्रकरणांत विखरून टाकतात, म्हणून वाचकाला ती जोडून दिसत नाही. १२०५ साली राजा जॉनने मार्शलचा थोरला मुलगा ओलीस मागितला, मार्शलने दिला. १२०७ साली दुसरा मुलगा रिचर्ड मागितला, तोही दिला. न्यूबरीच्या गढीखाली जो उभा होता, त्यानेच पन्नास-पंचावन्न वर्षांनी आपली मुले त्याच रीतीने मोजून दिली. काव्यात पहिला प्रसंग बापाच्या कठोरपणाचा म्हणून येतो आणि दुसरा मार्शलच्या स्वामिनिष्ठेचा म्हणून. प्रसंग एकाच जातीचे आहेत. फरक आहे तो चरित्र कोणी लिहवून घेतले याचा. मुलगा बापाविषयी लिहवतो तेव्हा आजोबा कठोर ठरू शकतात, बाप नाही.

आता त्या प्रसिद्ध 'पदरी काही नव्हते'कडे वळू. ११६५ मध्ये बाप मेला आणि विल्यमला काही मिळाले नाही, हे खरे. पण त्यापूर्वीच त्याला नॉर्मंडीत तांकार्व्हिलच्या विल्यमच्या घरी शस्त्रविद्या शिकायला पाठवले होते. हा तांकार्व्हिलचा धनी कोणी वाटेवरचा परोपकारी गृहस्थ नव्हता. तो घराण्याचा नातलग होता. ११६८ साली तरुण विल्यम प्वातूमध्ये दिसतो तो मामाच्या, म्हणजे सॉल्झबरीचा अर्ल झालेल्या पॅट्रिकच्या, परिवारात. लुसिन्यां घराण्याच्या लोकांनी छापा घातला, मामा मारला गेला, भाचा जखमी होऊन कैद झाला. त्याची खंडणी भरून त्याला सोडवले अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉर राणीने. पॅट्रिक तिच्याच रक्षणाच्या कामी पडला होता. दोन वर्षांनी, ११७० मध्ये, एलिनॉरच्या मुलाला बापाच्या हयातीतच राज्याभिषेक झाला आणि या 'तरुण राजा' हेन्रीच्या परिवारात विल्यमची नेमणूक झाली. शौर्य दाखवले म्हणून राणीने उचलले, असे सांगण्याची पद्धत आहे. शौर्य दाखवलेच. पण मामा अर्ल नसता तर ते पाहायला राणी नसती, आणि खंडणी भरायला तर कोणीच नसते.

टूर्नामेंटांविषयी मात्र हात आखडता घेण्याचे कारण नाही, कारण या बाबतीत मार्शल खरोखर अजोड होता. त्या काळचे टूर्नामेंट म्हणजे दोन घोडेस्वारांचे रिंगणातील नेटके द्वंद्व नव्हे. शेतांतून, गावांतून, मैल-मैल पसरणारी ती जवळजवळ खरी लढाई असे. जो पकडला जाई तो घोडा, चिलखत आणि खंडणी गमावून बसे. मार्शलने रोजर द गॉजी या जोडीदाराशी नफ्याची भागी केली आणि या जोडीने एका मोसमात १०३ नाइट पकडले, असे कवी राजपरिवारातील कारकुनांच्या टिपणांच्या हवाल्याने सांगतो. कारकुनांच्या टिपणांतून शौर्य मोजणारे हे काव्य मला त्या कारणानेच फार आवडते. पण ज्यांना या १०३ नाइटांत मार्शलच्या भाग्योदयाचे रहस्य दिसते त्यांनी पुढचा हिशेब करावा. दीड दशकभर फ्रान्सची मैदाने गाजवून त्याला कीर्ती मिळाली, घोडे मिळाले, रोख पैसा मिळाला. ११८३ मध्ये तरुण राजा मेला तेव्हा इंग्लंडच्या बड्या सरदारांच्या पंक्तीत बसवील अशी जमीन त्याच्यापाशी नव्हती. तरुण राजाचा क्रुसेडचा नवस फेडण्यासाठी तो पवित्र भूमीला जाऊन आला. परतल्यावर म्हाताऱ्या हेन्री राजाने त्याला कार्टमेलची जहागीर दिली. वय चाळिशीला टेकलेले. भाल्याने जे मिळणे शक्य होते ते सारे मिळून झाले होते आणि ते एवढेच होते.

बाकीचे सारे मिळाले ११८९ च्या ऑगस्टमध्ये, एका लग्नाने.

इझाबेल द क्लेअरचे वय तेव्हा सतराच्या आसपास आणि मार्शलचे बेचाळीस-त्रेचाळीस. ती 'स्ट्राँगबो' म्हणून प्रसिद्ध असलेल्या रिचर्ड द क्लेअरची आणि ईफाची मुलगी. ईफा म्हणजे आयर्लंडमधील लेन्स्टरचा राजा डर्मॉट मॅकमरो याची कन्या. भाऊ अल्पवयात गेल्यामुळे इझाबेल एकटी वारस. अशा वारस मुली राजाच्या ताब्यात असत आणि सेवेचे बक्षीस म्हणून वाटल्या जात. हेन्रीने मरणापूर्वी इझाबेल देऊ केली. रिचर्ड राजाने गादीवर येताच शब्द पाळला. मार्शलच्या हाती एका दिवसात वेल्सच्या सीमेवरील स्ट्रीगिल, म्हणजे आजचे चेपस्टो, आले. लेन्स्टरचा हक्क आला. तिच्याच हक्कातून गिफर्ड घराण्याच्या वतनाचा अर्धा हिस्सा आला आणि त्याबरोबर नॉर्मंडीतील लाँगव्हिल. पेम्ब्रोकचे अर्लपद ११९९ मध्ये राजा जॉनने दिले, तेही याच वारशाच्या आधारावर. इंग्लंड, वेल्स, आयर्लंड, नॉर्मंडी असा चौमुलखी पसारा झाला आणि त्याचे मूळ सर्वत्र एकच होते. पुढे ११९४ मध्ये थोरला भाऊ जॉन निपुत्रिक वारला, तेव्हा राजाच्या पागेची आणि दरबारी शिस्तीची वंशपरंपरागत मार्शलकी विल्यमकडे आली. आजोबा गिल्बर्टपासून चालत आलेले ते पद. ज्या नावाने जग त्याला ओळखते ते नावसुद्धा घराण्याचे आहे.

द्यूबीच्या पुस्तकाशी माझे भांडण आहे ते येथे. त्याने या काव्याचे जग पुरुषांचे म्हणून रंगवले आहे: स्त्रिया काठावर, बक्षिसासारख्या, बहुतेक मुक्या. काव्यात स्त्रियांना ओळी थोड्या आहेत, हे कबूल. पण ओळींची संख्या हे महत्त्वाचे माप नव्हे. १२०७-०८ मध्ये राजाच्या हुकमावरून मार्शलला लेन्स्टर सोडून इंग्लंडला जावे लागले, तेव्हा त्याने आपल्या सरदारांना किल्केनीत जमवले आणि गरोदर इझाबेलला त्यांच्यासमोर उभे केले. कवी त्याच्या तोंडी जे भाषण घालतो त्याचा आशय असा की, ही तुमच्या धन्याची मुलगी, तुमची जन्मजात स्वामिनी. या भूमीत माझे जे काही आहे ते हिच्यामुळे आहे. मार्शल दूर असताना राजाचे अधिकारी आणि फितूर सरदार लेन्स्टरवर चालून आले. इझाबेलने वेढा सोसला आणि मुलूख राखला. ज्या काव्याचा खर्च मुलगा करतो आहे त्या काव्यात बापाच्या तोंडून आईच्या हक्काची ही जाहीर कबुली येते. दंतकथेचे पुरस्कर्ते या प्रसंगाला 'पत्नीविषयीचा आदर' म्हणतात आणि पुढे सरकतात. तो आदर असेलही. त्याआधी ते मालकीहक्काचे विधान आहे. मार्शल वारल्यावर ते विधान किती खरे होते हे दिसून आले. वयात आलेला, लढायांतून तावून निघालेला थोरला मुलगा समोर असताना इझाबेलचा वारसा तिच्याकडेच राहिला. १२२० मध्ये ती वारल्यानंतरच तो मुलांकडे गेला. नवरा तीस वर्षे ज्या संपत्तीवर उभा होता ती कोणाची, याविषयी त्या काळाला तरी शंका नव्हती.

दंतकथेची एक राष्ट्रीय आवृत्तीही आहे आणि ती अधिक घातक आहे. तिच्यानुसार मार्शल म्हणजे फ्रेंच आक्रमणापासून इंग्लंडला वाचवणारा देशभक्त. १२०४ मध्ये फ्रान्सच्या फिलिप ऑगस्टसने नॉर्मंडी जिंकली. ज्यांची वतने खाडीच्या दोन्ही तीरांवर होती त्यांना एक तीर निवडणे भाग पडले. मार्शलने निवड केली नाही. त्याने आणि लेस्टरच्या अर्लने फिलिपला प्रत्येकी ५०० मार्क भरून वर्षाची मुदत घेतली, आणि १२०५ मध्ये मार्शलने फिलिपपुढे गुडघे टेकून लाँगव्हिलसाठी निष्ठेची शपथ घेतली. खाडीच्या त्या तीरावर फिलिप त्याचा धनी, या तीरावर जॉन. त्याच वर्षी जॉनने प्वातूच्या मोहिमेवर चल म्हटले, तेव्हा त्याने ज्याला शपथ दिली त्याच्याविरुद्ध आपण लढू शकत नाही असे सांगून नकार दिला. थोरला मुलगा ओलीस गेला तो या प्रकरणात. आधुनिक राष्ट्राच्या चष्म्यातून हा देशद्रोह दिसेल, म्हणून राष्ट्रीय चरित्रकार या वर्षावरून घाईने पुढे जातात. सरंजामदाराच्या दृष्टीने हा साधा हिशेब होता: बायकोचे नॉर्मंडीतील वतन मुलांसाठी राखायचे होते. त्याची जन्मभाषा फ्रेंच, शिक्षण नॉर्मंडीत, कीर्ती फ्रान्सच्या मैदानांवरील, पद इंग्लंडमधील आणि नातवंडांचे रक्त आयर्लंडच्या राजकुळाकडे जाणारे. अशा माणसाला 'इंग्रज की फ्रेंच' असे विचारणे म्हणजे चुकीच्या दारावर टकटक करणे होय.

ज्या विजयावर ही देशभक्ती उभी आहे तो विजय तरी पाहा. १२१६ मध्ये बंडखोर सरदारांच्या निमंत्रणावरून फिलिपचा मुलगा लुई इंग्लंडात उतरला. त्याला जाऊन मिळालेल्यांत मार्शलचा थोरला मुलगा विल्यम होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टाची अंमलबजावणी पाहणाऱ्या पंचवीस सरदारांतही तो होताच. बाप राजाकडे, मुलगा बंडखोरांकडे. हा योगायोग असेल किंवा घराण्याने दोन्ही दारांत ठेवलेला एकेक पाय असेल. कोणत्याही बाजूचा जय झाला तरी वतन शाबूत राहणार होते एवढे खरे. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला, मार्शल रीजंट झाला, आणि काही महिन्यांत मुलगा बापाकडे परतला. २० मे १२१७ रोजी लिंकनच्या लढाईत लुईच्या सैन्याचा सेनानी, पर्शचा काउंट, मारला गेला. तो मार्शलच्या आईच्या घराण्याकडून त्याचा नातलग होता आणि काव्यात त्याच्या मरणाविषयी हळहळ आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तह झाला तेव्हा लुईला १०,००० मार्क देऊन सन्मानाने परत पाठवण्यात आले. पुढे तिसरा हेन्री मोठा झाल्यावर मार्शलने लुईला फार स्वस्तात सोडले अशी तक्रार दरबारात झाली. देशभक्तीच्या निकषावर ती तक्रार रास्तच होती. पण ज्याचे लाँगव्हिल त्याच लुईच्या बापाच्या हाती होते, त्याने दुसरे काय करावे?

काव्य केव्हा लिहिले गेले ते आता आठवावे. १२२३ मध्ये लुई फ्रान्सचा राजा झाला, १२२४ मध्ये त्याने प्वातू घेतले, आणि त्याच वर्षी धाकट्या विल्यमने राजा हेन्रीच्या बहिणीशी, एलिनॉरशी, लग्न केले. इंग्लंडच्या राजाचा मेहुणा, ज्याचा भाऊ रिचर्ड नॉर्मंडीत फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. ज्याने स्वतः आठ-नऊ वर्षांपूर्वी लुईची बाजू घेतलेली. ज्याच्या बापावर मवाळपणाचा ठपका येऊ शकत होता. अशा माणसाला बापाच्या 'अढळ निष्ठे'चे एकोणीस हजार ओळींचे काव्य हवेसे वाटले, यात आश्चर्य ते काय? माझ्या मते हे काव्य स्तुतिस्तोत्राइतकेच बचावाचे कैफियतपत्र आहे. भीती निराधारही नव्हती. १२३१ मध्ये धाकटा विल्यम वारला तेव्हा, रिचर्ड फ्रान्सच्या राजाचा माणूस आहे या कारणावरूनच हेन्रीने त्याला वारसा द्यायला खळखळ केली.

यावर प्रतिवाद होईल तो मला ठाऊक आहे. मामा अनेकांना असतात, वारस बायकाही अनेकांना मिळाल्या. रीजंट एकटा मार्शलच का झाला? प्रश्न योग्य आहे. मी त्याची कर्तबगारी नाकारत नाही. पण ही कर्तबगारी कोणत्या जातीची होती ते ठरवावे लागेल. भाला चालवणारे पुष्कळ होते. कोणते नाते केव्हा ताणायचे, कोणते सैल सोडायचे, कोणत्या शपथेच्या आड उभे राहायचे, मुलगा ओलीस द्यायचा पण किल्ला राखायचा, हे जाणणारे थोडे होते. मार्शलची प्रतिभा नात्यांच्या व्यवहारातील प्रतिभा होती. तिला 'स्वयंभू' म्हटल्याने तिचा गौरव होत नाही, तिचे क्षेत्रच नाहीसे होते.

खुद्द मार्शलला मात्र ही दंतकथा प्रिय होती, आणि याचा पुरावा काव्याच्या सर्वांत सुंदर भागात आहे. १२१९ च्या वसंतात कॅव्हर्शमच्या वाड्यात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने मुलांच्या वाटण्या केल्या. सर्वांत धाकट्या अँसेल्मला काही द्यायचे त्याच्या मनात नव्हते. जगला तर माझ्यासारखा स्वतःची वाट काढील, अशा आशयाचे तो बोलला. जॉन ऑफ अर्लीने ते ऐकून घेतले नाही. निदान घोड्यांचे नाल ठोकण्यापुरते तरी मुलाला द्या, अशी त्याने गळ घातली आणि अँसेल्मला १४० पौंड उत्पन्नाची जमीन मिळाली. अविवाहित मुलगी जोनसाठीही ३० पौंडांची जमीन आणि २०० मार्क ठेवण्यात आले. मरणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या तरुणपणाची गोष्ट थोडी रंगवून सांगितली, हे मानवी आहे. तीस वर्षांचा कुटुंबसंसार ज्याने जवळून पाहिला त्या सेवकाने ती गोष्ट मुलाच्या पोटावर येऊ दिली नाही. चरित्रकारांनी मात्र या प्रसंगी जॉन ऑफ अर्लीची बाजू सोडून म्हाताऱ्याची गोष्टच शिरोधार्य मानली.

कवीला जे ठाऊक होणे शक्य नव्हते ते आपल्याला ठाऊक आहे. पाच मुलगे एकामागून एक मार्शल झाले: विल्यम १२३१ मध्ये वारला, रिचर्ड १२३४ मध्ये राजाविरुद्धच्या बंडात आयर्लंडात जखमी होऊन मेला, गिल्बर्ट १२४१ मध्ये टूर्नामेंटातच घोड्यावरून पडून गेला, वॉल्टर आणि अँसेल्म १२४५ च्या शेवटी काही आठवड्यांच्या अंतराने वारले. एकालाही औरस संतती नव्हती. चर्चच्या दोन गावांवरून मार्शलशी भांडलेल्या फर्न्सच्या आयरिश बिशपचा हा शाप, असे मॅथ्यू पॅरिस या इतिवृत्तकाराने लिहून ठेवले. पुरुषांच्या ओळीत घराणे सव्वीस वर्षांत संपले. वतन पाच मुलींत वाटले गेले: मॉड, इझाबेल, सिबिल, ईव्हा, जोन. मार्शलकी मॉडकडे आणि तिच्यातून नॉरफकच्या अर्लांकडे गेली. मुलगी इझाबेलची नात नव्हे, तर पणतू हा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस. काव्यात ज्यांना ओळी थोड्या आल्या त्यांच्यातूनच हे कुळ पुढे चालले.

म्हणून अध्यापकांना माझे सांगणे एवढेच आहे की, मध्ययुगीन वीरकथा शिकवताना मार्शलचा दाखला द्यायचा तर १०३ नाइटांच्या आकड्याने सुरुवात करू नये. फळ्यावर वंशवृक्ष काढावा. सॉल्झबरी, तांकार्व्हिल, क्लेअर, मॅकमरो, गिफर्ड ही नावे लिहून रेषा जोडाव्यात, प्रत्येक रेषेपाशी कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते नोंदवावे, आणि मग काव्य उघडावे. विद्यार्थ्यांना नायक लहान झाल्यासारखा वाटेल ही भीती व्यर्थ आहे. उलट, इतक्या दोऱ्यांनी जखडलेला माणूस इतका मोकळा कसा हालला, हा खरा कुतूहलाचा प्रश्न त्यांना तेव्हाच पडेल. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये मार्शलची म्हणून दाखवली जाणारी पाषाणमूर्ती एकटीच पहुडलेली आहे. इझाबेलला पुरले ते तिकडे दूर, वेल्सच्या सीमेवर, टिंटर्नच्या मठात, तिच्या माहेरच्या मुलखात. काव्य वाचताना ही दुसरी जागाही नकाशावर खूण करून ठेवावी.